समोरच्याचा उजवा हात

युलिसिसच्या न्हाव्याच्या दुकानात त्या उन्हाळ्यात केस कमी कापले जात होते आणि भांडणं जास्त होत होती. भांडणाचा विषय एकच, पर्नेल गास्किन्स आणि एल्ड्रिज टूमर यांची तिसरी लढत व्हावी की नाही. पहिली टूमरने जिंकली होती, उजव्या हाताच्या एका ठोशात पर्नेलला आडवा करून. दुसरी पर्नेलने जिंकली, गुणांवर. दोघेही हेवीवेट, दोघेही नॉर्थ फिलाडेल्फियाचे, आणि दोघांची घरं हाकेच्या अंतरावर. त्यामुळे कोलंबिया अ‍ॅव्हेन्यूवर घराघरात दोन तट पडले होते. बाप्टिस्ट चर्चच्या गाणाऱ्या बायकासुद्धा टूमरवाल्या आणि पर्नेलवाल्या अशा वेगळ्या बाकांवर बसायला लागल्या होत्या, आणि पाद्रीबुवा मूग गिळून गप्प होते.

"एक-एक म्हणजे काय?" युलिसिस वस्तरा हवेत नाचवत म्हणाला. "ही तर अर्धी दाढी झाली. मी गिऱ्हाइकाला एका गालाने घरी पाठवतो का?"

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा दुसरा गाल अजून फेसाखालीच होता. त्याने बिचाऱ्याने लगेच मान डोलावली.

कोपऱ्यातल्या बाकावर होझिया व्हिटलॉक बसला होता. हा पर्नेलचा ट्रेनर. पर्नेल मिसरूड फुटायच्या वयात व्यायामशाळेत आला तेव्हापासून त्याला घडवणारा, आणि त्याचा बाप कुठेतरी निघून गेल्यावर बापाच्या जागी उभा राहिलेला. सगळा मोहल्ला त्याला मिस्टर होझिया म्हणायचा, फक्त पर्नेल त्याला पॉप म्हणायचा.

"तिसरी कशाला हवी?" होझिया म्हणाला. "एकदा हा जिंकला, एकदा तो. दोघांनी एकमेकांना असं झोडपलंय की आठवडाभर घास चावता आला नाही. अजून काय ठरायचं राहिलंय? आधी आंधळा कोण होतो, ते?"

"घाबरला म्हातारा," युलिसिस म्हणाला.

"घाबरलोच आहे," होझिया म्हणाला आणि त्याने टोपी डोक्यावर चढवली. असं कबूल करणाऱ्या माणसाला चिडवण्यात काही मजा नसते. युलिसिसने मुकाट्याने दुसरा गाल हातात घेतला.

होझिया खरंच घाबरला होता. पर्नेल आता चौतिशीला टेकला होता. एवढ्यात दमायला लागला होता, बोलताना एखादा शब्द शोधायला लागला होता. होझियाने अशी माणसं पाहिली होती. तिशीत मैदान गाजवलेली आणि पन्नाशीत स्वतःच्या मुलाला दुसऱ्याच नावाने हाक मारणारी. त्याने ठरवलं होतं की पर्नेलला नाही म्हणायला लावायचं.

पण पर्नेलने त्यालाच गप्प केलं.

व्यायामशाळा रिकामी झाल्यावर दोघं रिंगच्या कडेला तळलेल्या माशाचं सँडविच खात बसले होते. होझियाने विषय काढला. पर्नेलने शांतपणे ऐकून घेतलं, बोटांना लागलेला तिखट सॉस चाटला आणि म्हणाला, "पॉप, एक-एक नाहीये ते."

"म्हणजे?"

"दुसऱ्या लढतीत पाचव्या फेरीनंतर त्याचा उजवा आलाच नाही. आला तो नुसता थापटल्यासारखा. पाचव्या फेरीत त्याने माझ्या डोक्यावर मारला ना, तेव्हा कट्कन वाजलं. मला वाटलं माझं डोकं. पण डोकं नव्हतं. त्याचा हात होता."

होझियाच्या हातातलं सँडविच हातातच राहिलं. पेपरवाल्यांनी तेव्हा रकाने भरभरून लिहिलं होतं की गास्किन्सने टूमरच्या उजव्याचं कोडं सोडवलं. होझियालाही तसंच वाटलं होतं, आणि त्याचं श्रेय त्याने स्वतःकडे घेतलं होतं.

"तो बोलला नाही कधी?"

"एक शब्द नाही. माझ्याशी हात मिळवला, डाव्याने. मला म्हणाला, तू बरा होतास आज." पर्नेलने सँडविच खाली ठेवलं. "पॉप, त्याने मला दोन हातांनी हरवलं. तो एका हाताने खेळत होता तेव्हा मी त्याला हरवलं. लोक रस्त्यात माझ्या पाठीवर थापा मारतात आणि मला लाज वाटते. मला एकदा कळू दे. हरलो तरी चालेल. पण दोन हातांच्या टूमरशी."

होझियाला त्या क्षणी पोराचा असा अभिमान वाटला की राग कुठच्या कुठे पळाला. भीती मात्र जागच्या जागी राहिली.

लढत ऑक्टोबरात ठरली. ही आपली शेवटची, असं पर्नेलने होझियाला सांगून टाकलं.

त्या संध्याकाळी स्टेडियमच्या पोटात, सिमेंटच्या लांब बोळाच्या एका टोकाला पर्नेलची खोली होती आणि दुसऱ्या टोकाला टूमरची. मुष्टियुद्धात एक जुना रिवाज आहे. लढतीआधी बॉक्सरच्या हातांना पट्ट्या बांधतात तेव्हा समोरच्या गोटातला एक माणूस तिथे उभा राहून बघतो. पट्टीत कोणी काही टणक भरू नये, जास्त गुंडाळू नये म्हणून. त्याने बघायचं, समाधान झालं की बांधलेल्या पट्टीवर पेनाने सही करायची आणि निघून जायचं. बोलायचं नाही. होझिया हे काम नेहमी स्वतः करायचा. पट्टी बांधण्यात त्याचा हात धरणारा फिलाडेल्फियात एकच माणूस होता, टूमरचा ट्रेनर मोझ लँगली. आणि मोझ मागच्या हिवाळ्यात वारला होता.

होझिया आत गेला तेव्हा टूमर टेबलावर बसला होता. एवढा थोरला माणूस, पण पाय लटकवून बसल्यावर डॉक्टरकडे आणलेल्या मुलासारखा दिसत होता. त्याने मान लववली.

"मिस्टर होझिया."

"एल्ड्रिज. आई कशी आहे?"

"तुमच्यासाठी प्रार्थना करत नाहीये आज."

"आजचा दिवस चालेल."

दाराशी मुष्टियुद्ध आयोगाचा निरीक्षक कार्डुचियो उभा होता, पोट सुटलेला, कायम कंटाळलेला इटालियन. आणि टूमरच्या समोर खुर्ची ओढून बसला होता लेलंड. मोझ गेल्यावर लढत भरवणाऱ्यांनीच न्यूयॉर्कहून हा माणूस पाठवला होता. चाळिशीचा, बोटांत अंगठ्या, अंगाला अत्तर. अंगठ्या न काढताच तो पट्टी बांधत होता. होझियाच्या कपाळावर पहिली आठी तिथेच पडली.

दुसरी आठी उजव्या हाताच्या वेळी पडली. टूमरच्या मधल्या बोटाच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं होतं, मोडून वाकडं जुळलेलं. पर्नेल खोटं बोलला नव्हता. त्या हाडावर कापडाची जाड गादी हवी होती आणि मनगटावरून येणारी पट्टी थोडी सैल. लेलंडने उलटं केलं. हाडावर जेमतेम एक पदर दिला आणि हाताच्या पाठीवरून चिकटपट्टी खसाखसा आवळली. बोटांच्या मधून पट्टी घातलीच नाही.

टूमरने मूठ आवळून पाहिली. बोटांची टोकं फिकी पडली.

"घट्ट होतंय," तो म्हणाला.

"घट्टच पाहिजे," लेलंड म्हणाला. "तिकडे सगळे असंच बांधतात."

टूमरने मूठ सोडली. तो हाताकडे बघत राहिला. एवढी वर्षं ते हात एकाच माणसाने बांधले होते. बरं काय आणि वाईट काय, हे त्याला स्वतःला कधी बघावंच लागलं नव्हतं. मग त्याने मान वर केली आणि खोलीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला विचारलं. तो समोरच्या गोटातला आहे हे क्षणभर विसरूनच विचारलं असावं.

"बरोबर आहे ना, मिस्टर होझिया?"

होझियाला सगळं लख्ख दिसत होतं. चौथ्या फेरीपर्यंत त्या हाताला मुंग्या येतील. पाचव्या-सहाव्यात हाड पुन्हा बोलेल. त्यानंतर पर्नेल हसतखेळत जिंकेल, धडधाकट घरी जाईल, आणि पुन्हा कधी रिंगमध्ये पाय ठेवणार नाही. होझियाला काही लबाडी करायची नव्हती. त्याला फक्त सही करायची होती.

"नियमात आहे," तो म्हणाला. हे खरंच होतं.

कार्डुचियोने पेन पुढे केलं. होझियाने टूमरचा उजवा हात आपल्या डाव्या हातात धरला, सही करण्यासाठी.

आणि इथेच घोटाळा झाला. तो हात हातात धरायलाच नको होता. आयुष्यभर ज्याने हात बांधले त्याच्या हातात वाईट बांधलेला हात द्यावा आणि त्याने तो तसाच सोडावा, हे व्हायचं नव्हतं. त्याच्या अंगठ्याला पट्टीखालचं उघडं हाड लागलं. त्याला पर्नेल आठवला, सॉस चाटणारा. मला एकदा कळू दे. आज सही केली तर पर्नेल पुन्हा एका हाताच्या माणसाला हरवणार होता, आणि या वेळी ते होझियाच्या सहीने होणार होतं. पर्नेलला कळलंही नसतं. होझियाला मात्र कळलेलंच होतं.

"कात्री द्या," तो म्हणाला.

"हरकत घेताय?" कार्डुचियो जागा झाला. "कशावर? जास्त गुंडाळलंय?"

"कमी गुंडाळलंय."

"कमी गुंडाळण्यावर हरकत नसते, मिस्टर व्हिटलॉक."

"मग ही हरकत नाही. कात्री द्या."

लेलंड ताडकन उभा राहिला. "हा समोरचा माणूस आहे! हा आपल्या माणसाच्या हाताला हात लावणार?"

"लेलंड," टूमर खालच्या आवाजात म्हणाला, "बाजूला हो."

होझियाने आधी हात चोळून धुतले. मग लेलंडने सोडलेल्या खुर्चीवर बसून त्याने सगळी पट्टी कापून काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मनगटाला वेढे, तळव्यावरून तिरपे, अंगठ्याच्या बाहेरून. हाडावर त्याने कापडाची घडी करून छोटी गादी बसवली, दाबून पाहिली, काढली, पुन्हा बसवली. प्रत्येक बोटाच्या बेचक्यातून चिकटपट्टीची बारीक दोरी नेली. कार्डुचियो दार सोडून जवळ आला होता. लेलंडसुद्धा नकळत वाकून बघायला लागला होता.

"मूठ."

टूमरने मूठ वळली. होझियाने तळवा पुढे केला. टूमरने त्यावर हलकेच ठोसा मारला, मग जरा जोरात. होझियाचा खांदा मागे गेला.

"मोझ अशीच गादी करायचा," टूमर म्हणाला.

"मोझ माझ्याकडूनच चोरून शिकला."

"तो म्हणायचा तुम्ही त्याच्याकडून चोरलीत."

"मेलेल्या माणसाशी काय भांडायचं," होझिया म्हणाला. "दुसरा हात आण."

दोन्ही हात झाल्यावर पेच पडला तो कार्डुचियोला. बघणाऱ्यानेच बांधलं होतं. मग सही कोणाची? तो डोकं खाजवत राहिला. शेवटी होझियाने पेन लेलंडच्या हातात दिलं. "तू कर. मी माझ्या पोराच्या शत्रूचे हात बांधताना काही लबाडी केली असेल तर सांग."

लेलंडने निमूटपणे सही केली.

होझिया बोळातून परत निघाला. हे आपण काय करून बसलो? स्वतःच्या लेकराला मारण्यासाठी समोरच्याच्या हातात आपणच हत्यार दिलं. तेही धार लावून.

"एवढा वेळ?" पर्नेलने विचारलं.

"नवीन माणूस आहे त्यांचा. हळू बांधतो," होझिया म्हणाला. पर्नेलशी तो आयुष्यात फार कमी वेळा खोटं बोलला होता.

ती लढत ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याबद्दल बोलायला बसले की जेवण गार होतं. पहिल्या चार फेऱ्या पर्नेलच्या होत्या. त्याचा डावा असा चालत होता की टूमरला श्वास घ्यायला उसंत मिळेना. होझिया मात्र लढत बघतच नव्हता. तो एक हात बघत होता. चौथी फेरी गेली, पाचवी गेली. सहाव्या फेरीत तो हात सुटला. होझियाने स्वतः बसवलेल्या गादीसकट तो पर्नेलच्या जबड्यावर आला आणि पर्नेल पाठीवर पडला.

हजारो लोक उभे राहिले. होझियाला काहीच ऐकू येत नव्हतं. तो मनात म्हणत होता, देवा, मी मारलं त्याला.

रेफरी मोजत मोजत आठावर पोचला तेव्हा पर्नेल उठला. कसा उठला ते त्यालाच ठाऊक. उरलेली फेरी त्याने टूमरला मिठी मारून काढली. घंटा झाली आणि तो कोपऱ्यात येऊन स्टुलावर कोसळला. ओठ फाटला होता. होझियाने ओला स्पंज त्याच्या मानेवर पिळला. टॉवेल खांद्यावरच होता. रिंगमध्ये टाकला की संपलं. त्याने टॉवेलला हात घातला.

आणि पर्नेल हसला. रक्ताळलेल्या दातांनी, लहान पोरासारखा.

"पॉप! उजवा आहे त्याचा! पाहिलास? उजवा आहे!"

होझियाचा हात टॉवेलवरून खाली आला.

त्यानंतरचं काय सांगावं! आतापर्यंत पर्नेल शहाणपणाने खेळत होता, आता आनंदाने खेळायला लागला. टूमरला तो आनंद दिसला असावा, कारण तोही खुलला. आठव्या फेरीत तो पुन्हा तोच ठोसा घेऊन आला आणि पर्नेलने या वेळी खाली वाकून त्याच्या बरगड्यांत दोन ठेवून दिले. दहाव्यात टूमर पडला. त्या डोंगराला गुडघ्यावर बसलेला पाहून पर्नेल दूरच्या कोपऱ्यात गेला आणि तिथून, होझियाने स्वतःच्या कानाने ऐकलं, म्हणाला, "ऊठ, एल्ड्रिज." टूमर उठला. शेवटच्या फेरीत दोघांचेही हात खांद्याच्या वर जात नव्हते, तरी दोघं मध्यावर उभे राहून मारत होते, आणि टूमरवाले कोण नि पर्नेलवाले कोण हे स्टेडियममध्ये कोणालाच सांगता आलं नसतं. न्हाव्याच्या दुकानात आपण काय बडबडलो होतो ते होझियाला आठवलं आणि त्याला स्वतःचीच कीव आली. या दोघांना ही लढत मिळायलाच हवी होती. ती त्यांनी स्वतःच्या रक्ताने कमावली होती.

निकाल तीन मतांचा. एका पंचाने लढत पर्नेलला दिली. दुसऱ्याने टूमरला. रेफरीने टूमरला, एका फेरीच्या फरकाने.

कपडे बदलायच्या खोलीत पर्नेल टेबलावर बसला होता. डावा डोळा पूर्ण मिटला होता. हातमोजे काढले होते, पट्ट्या तशाच होत्या. होझिया बर्फाची पिशवी त्याच्या डोळ्यावर धरून उभा होता आणि सांगायचं कसं याची जुळवाजुळव करत होता. इतक्यात दार उघडलं आणि टूमर आत आला, एकटा, अंगावर झगा टाकून. त्याचंही तोंड ओळखू येत नव्हतं.

"बसतो जरा," तो म्हणाला आणि बसला नाही. "पर्नेल, एक सांगायला आलो. तू आज जे केलंस ना, ते कोणी करत नाही."

"काय केलं मी? हरलो."

"ह्यांना माझ्याकडे पाठवलंस ते." टूमरने होझियाकडे मान हलवली. "माझे हात बांधायला. माझा हात गेल्याचं तुला गेल्या वेळीच कळलं होतं, मला माहीत आहे. ह्यांनी आज बांधला नसता तर चौथ्या फेरीतच गेला असता. मोझ असता तरी याहून बरा बांधला नसता."

होझियाला भिंतीत शिरून जावंसं वाटलं. पर्नेलने उघडा डोळा त्याच्याकडे वळवला. एकदा टूमरच्या हातांकडे पाहिलं, पुन्हा होझियाकडे. होझियाला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरंच झालं असतं.

"पाठवलं तर पाठवलं," पर्नेल टूमरला म्हणाला. "एका हाताच्या माणसाला दोनदा हरवून मला काय मिळालं असतं?"

टूमर हसायला गेला आणि फाटलेल्या ओठामुळे कळवळला. त्याने उजवा हात पुढे केला. दोघांनी हात मिळवले. दारात जाऊन तो थांबला. "चौथी?"

"चल, नीघ," पर्नेल म्हणाला.

दार लागलं. बोळातले त्याचे जड पाय दूर गेले. होझिया बर्फ हातात धरून उभाच होता. पाणी त्याच्या मनगटावरून बाहीत शिरत होतं.

"पर्नेल, मी..."

"त्याचे हात माझ्यासारखेच बांधलेस?"

"हो."

"अगदी तसेच?"

"गादी जरा जाड. हाड वाकडं आहे त्याचं."

पर्नेलने मान खाली घातली. मग त्याचे खांदे हलायला लागले. होझियाला आधी वाटलं तो रडतोय.

"थोडे तरी वाईट बांधायचेस, म्हाताऱ्या," पर्नेल म्हणाला. तो हसत होता, आणि उघड्या डोळ्यातून पाणीही येत होतं.

"प्रयत्न केला," होझिया म्हणाला. "सहीपर्यंत पोचलोसुद्धा होतो. नाही जमलं."

पर्नेलने त्याच्या हातातली बर्फाची पिशवी काढून घेऊन बाजूला ठेवली आणि आपलं सुजलेलं डोकं त्याच्या छातीला टेकवलं.

"तो माझ्यापेक्षा बरा आहे, पॉप," तो म्हणाला. "फार नाही. पण बरा आहे. आता मला माहीत आहे."

होझियाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आजवर त्याने खूप जिंकलेली डोकी अशी धरली होती. इतकं शांत डोकं एकही नव्हतं.